खोदकामास सक्त मनाई

फ्रान्समध्ये पस्तीस हजारांच्या आसपास गावं आणि शहरं स्वतःचा मेयर बाळगून आहेत. त्यांतल्या खेड्यांचा ऐवज ठरलेला असतो. एक चर्च, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं कोरलेला एक खांब, कायमची बंद झालेली एक बेकरी आणि रस्त्याच्या मधोमध झोपलेलं, गाडी आली तरी न उठणारं एक कुत्रं. दक्षिणेकडचं रेन-ल-शातो हे गावही याच मापाचं आहे. वस्ती शंभराच्या आत. फरक एवढाच, की गावात शिरताना पाटी दिसते: खोदकामास मनाई. २८ जुलै १९६५ रोजी गावाच्या कारभाऱ्यांनी तसा रीतसर हुकूम काढला, तो आजतागायत लागू आहे. पाट्यांचा एक नियम जगभर सारखाच असतो. जिथे कुणी थुंकत नाही, तिथे ‘येथे थुंकू नये’ असं कुणी लिहीत नाही.

भूगोल लवकर उरकता येतो. ओद नावाच्या जिल्ह्यात, कार्कासोनच्या किल्ल्यापासून दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर कुइझा हे छोटं गाव लागतं. तिथून एक अरुंद रस्ता वळणं घेत चार-पाच किलोमीटर टेकडी चढतो. माथ्यावर रेन-ल-शातो. त्यापुढे रस्ता जात नाही. म्हणजे या गावाला कुणी वाटेत लागलं म्हणून थांबत नाही. जो वर आला तो मुद्दाम आला, आणि काय शोधायला आला हे गावकऱ्यांना न विचारता कळतं. वरून दक्षिणेला पिरेनीजची बर्फाची रांग दिसते, आग्नेयेला ब्युगाराशचा डोंगर, आणि दरीपलीकडे मोंताझेल हे खेडं. हवा कोरडी, वारा भरपूर. खाली लिमूच्या बाजूला फेसाळ वाइन होते. ती शँपेनपेक्षा जुनी आहे, १५३१ पासूनची, असं तिथले लोक दुसरा ग्लास भरताना सांगतात. तिसऱ्या ग्लासाला आपणही ते इतरांना सांगू लागतो.

इतिहासाचं मात्र तसं नाही. इथे तो चमच्याने वाढत नाहीत, पातेलंच पुढे करतात. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर लुटलं आणि खजिना रोमला नेला. ४१० मध्ये व्हिसिगॉथ टोळ्यांनी रोम लुटलं. पुढे हेच व्हिसिगॉथ दक्षिण फ्रान्समध्ये राज्य करू लागले. या टेकडीवर त्यांचं ‘रेदे’ नावाचं मोठं नगर होतं, असं मानणारे लोक आहेत. आता या तीन वाक्यांना एका दोरीत ओवा. जेरुसलेमचा खजिना रोमला, रोमचा इथे, म्हणजे तो आत्ता आपल्या पायाखाली! ही ओवणी करायला इतिहासकार लागत नाही, सुट्टीवर आलेला कुठलाही दंतवैद्य ती करू शकतो, आणि करतो. कॅथर नावाच्या बंडखोर पंथाचा खजिना, टेम्पलर सरदारांचा खजिना, नवव्या लुईची आई ब्लांश राणीचा खजिना, असे आणखीही दावेदार आहेत. एवढे खजिने पुरायला टेकडी पुरेशी मोठी नाही, ही अडचण अजून कुणी मांडलेली नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक पाद्री आहे. बेरांजे सोनिएर. जन्म १८५२ चा, दरीपलीकडच्या त्याच मोंताझेलचा. १८८५ मध्ये तो या गावात नेमला गेला. चर्चच्या छपरातून पाऊस आत यायचा आणि पाद्र्याचं घर राहण्याच्या लायकीचं नव्हतं. त्यात आल्या आल्या निवडणुकीच्या तोंडावर त्याने प्रवचनातून प्रजासत्ताकवाल्यांवर तोंडसुख घेतलं, आणि सरकारने त्याचा पगार काही महिने थांबवला. हा झाला गरीब पाद्री. पुढच्या वीस वर्षांत याच गरीब पाद्र्याने चर्च आतून-बाहेरून रंगवून काढलं, शेजारी व्हिला बेतानी नावाचा प्रशस्त बंगला उठवला, बाग केली, काचघर केलं, आणि कड्याच्या टोकावर दातेरी कठड्याचा, बुद्धिबळातल्या हत्तीसारखा एक मनोरा बांधला. त्याचं नाव तूर माग्दाला. मनोऱ्यात त्याने ग्रंथालय थाटलं. बंगल्यात पाहुण्यांची सरबराई होई. स्वतः मात्र तो शेवटपर्यंत पाद्र्याच्या जुन्याच घरात राहिला. लबाडी करतानाही काही माणसांचा साधेपणा सुटत नाही.

पैसा आला कुठून? दुरुस्तीच्या वेळी वेदीजवळ काहीतरी सापडलं, मजुरांनी चमचमणारी नाणी पाहिली, पाद्री म्हणाला ‘छे, ही लुर्दची पदकं’, अशी गोष्ट गावात सांगतात. १८९१ च्या त्याच्या रोजनिशीत थडगं सापडल्याची नोंद खरोखरच आहे. आणि हा मनुष्य रात्री-बेरात्री दफनभूमीत खणत असतो, आमच्या वाडवडिलांचे क्रूस इकडचे तिकडे करतो, अशी तक्रार गावकऱ्यांनी १८९५ मध्ये वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्याकडे केली होती. म्हणजे खोदकामावरच्या बंदीची पहिली गरज स्वतः पाद्र्यानेच निर्माण केली. सत्तर वर्षं उशिरा का होईना, गावाने ती पुरी केली.

खरं उत्तर मात्र इतकं रुक्ष आहे की ते कुणालाच नको असतं. कॅथलिक रिवाजात मृताच्या आत्म्यासाठी पाद्र्याकडून मिस्सा हा प्रार्थनाविधी अर्पण करवून घेतात आणि त्यासाठी थोडी दक्षिणा देतात. त्या काळी मिस्सामागे एक ते दीड फ्रँक दर होता. सोनिएरने धार्मिक मासिकांतून जाहिराती दिल्या, मठांना आणि श्रद्धाळू श्रीमंतांना पत्रं लिहिली, आणि फ्रान्सच्या कानाकोपऱ्यातून, बाहेरच्या देशांतूनही, पोस्टाने पैसे येऊ लागले. त्याने वह्या ठेवल्या होत्या. त्या वह्यांत मिस्सांची मागणी इतकी आहे की एका जन्मात त्या होणं शक्य नव्हतं. अखेर कार्कासोनच्या बिशपने हिशेब मागितला. आपण सुमारे १,९३,००० फ्रँक खर्च केले, असं सोनिएरने स्वतः दाखवलं. देणग्याही मिळाल्या, असं त्याचं म्हणणं. पण क्षणभर सगळी रक्कम दीड फ्रँकी मिस्सांतूनच आली असं धरू. भागाकार केला तर सव्वा लाखाहून अधिक मिस्सा होतात. रोज एक म्हटली तर तीनशे बावन्न वर्षं. १९११ मध्ये चर्चने त्याला पौरोहित्य करायला मनाई केली. त्यावर त्याने काय करावं? बंगल्यातच प्रार्थनेची खोली होती, तिथे तो मिस्सा अर्पण करत राहिला. कदाचित थकबाकी भागवत असेल.

व्यवसायाची दृष्टी या माणसाला उपजत होती. आपल्या गावाची, चर्चची आणि मनोऱ्याची पोस्टकार्डं त्याने स्वतः छापून विकली. पर्यटक येण्याच्या अर्धशतक आधी पर्यटनाचं साहित्य तयार होतं. शिवाय जमीन, बंगला, मनोरा, सगळं त्याने आपल्या नावावर न ठेवता घर सांभाळणाऱ्या मारी देनारनोच्या नावावर केलं होतं. २२ जानेवारी १९१७ रोजी तो वारला, आणि मारी आणखी छत्तीस वर्षं जगली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने नोटा बदलल्या. जुन्या नोटा आणा, त्या कुठून आल्या ते सांगा, नव्या न्या, असा मामला होता. तेव्हा तिने बागेत नोटांच्या थप्प्या जाळल्या, अशी दंतकथा आहे. ही कथा मला पटते. खजिन्यामुळे नव्हे, ‘कुठून आल्या ते सांगा’ या वाक्यामुळे.

मारीने उतारवयात मालमत्ता नोएल कोर्बू नावाच्या उद्योगी गृहस्थाला दिली आणि बदल्यात त्याच्या कुटुंबाने तिला सांभाळलं. मरण्याआधी एक गुपित सांगेन, असं ती म्हणत असे. १९५३ मध्ये तिला पक्षाघात झाला, वाचा गेली, आणि गुपित तिच्याबरोबर गेलं. हे सांगणारा अर्थातच कोर्बू. त्याने १९५५ मध्ये त्या बंगल्यात हॉटेल काढलं होतं. आता विचार करा. वर येणारा एकच रस्ता, तोही पुढे कुठे न जाणारा. समुद्र नाही, गरम पाण्याचे झरे नाहीत; ते शेजारच्या रेन-ले-बँ गावात आहेत. जेवायला कोण येणार? कोर्बूकडे विकण्यासारखी एकच चीज होती, मेलेला पाद्री. जानेवारी १९५६ मध्ये ‘ला देपेश द्यू मिदी’ या प्रादेशिक दैनिकात अब्जाधीश पाद्र्याची कहाणी छापून आली आणि गाड्या टेकडी चढू लागल्या. हॉटेलात त्याने कहाणी टेपरेकॉर्डरवर भरून ठेवली होती. गिऱ्हाईक जेवायला बसलं की टेप लावायची. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात प्रामाणिक धंदा हाच म्हणायला हवा. निदान ताटात काहीतरी पडत होतं.

गिऱ्हाईक जेवून गेलं असतं तर प्रश्न नव्हता. ते कुदळ घेऊन परत आलं. मग धातुशोधक यंत्रं घेऊन आलं. काही उत्साही लोकांनी सुरुंगसुद्धा वापरले. तेव्हा कुठे १९६५ चा तो हुकूम निघाला.

मनाई झाली की माणूस वाचनाकडे वळतो. १९६७ मध्ये जेरार द सेद याने रेनच्या सोन्यावर पुस्तक लिहिलं. त्यात सोनिएरला सापडलेली म्हणून दोन गूढ हस्तलिखितं छापली. ती त्याला पुरवली पिएर प्लांतार आणि फिलिप द शेरिझे या जोडगोळीने. शेरिझे हा उमराव घराण्यातला, नाटकात-रेडिओवर कामं करणारा, कोड्यांचा शौकीन. हस्तलिखितं त्यानेच रचली होती. त्यातला गुप्त संदेश उलगडायला अक्षरांची अदलाबदल करून, ती बुद्धिबळाच्या दोन पटांवर मांडून, घोड्याच्या चालीने प्रत्येक घराला एकदाच भेट देत वाचावं लागतं. एवढं करून हाती काय येतं? मेंढपाळीण, चित्रकार पूसँ आणि निळी सफरचंदं यांबद्दलचं एक असंबद्ध वाक्य. एवढ्या कष्टाने मिळालेलं वाक्य असंबद्ध असूच शकत नाही, असं मानण्याकडे माणसाचा कल असतो. अक्कल गहाण पडते ती इथेच.

प्लांतारची झेप त्याहून मोठी. आपण फ्रान्सच्या मेरोव्हिंजियन राजांचे वंशज आहोत, असं त्याचं म्हणणं. लिओनार्दो, न्यूटन आणि व्हिक्टर ह्यूगो ज्या गुप्त संघटनेचे प्रमुख होते, तिचं नाव ‘प्रायरी ऑफ सायन’. ही हजार वर्षं जुनी संघटना सरकारदरबारी नोंदवली गेली ती १९५६ मध्ये, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या एका गावी, आणि तिच्या मुखपत्रात स्वस्त घरं आणि भाडेकरूंचे हक्क यांची चर्चा चाले. म्हणजे राजांचा वंश सांभाळणारी संस्था मूळची भाडेकरूंची कैवारी. माझ्या मते भाडेकरूंचे हक्क हेच जास्त पवित्र कार्य होतं. पण त्यावर कुणी कादंबरी लिहीत नाही. न्यूटनसकट सगळी यादी टंकलिखित करून या मंडळींनी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दाखल केली. ग्रंथालय घेतं ते सगळंच जपून ठेवतं, हा त्याचा गुण. त्यात आहे ते सगळंच खरं मानणं, हा वाचकांचा गुण. पुढे या त्रिकुटाचं मानधनाच्या वाटणीवरून बिनसलं आणि खोटेपणा त्यांच्यातूनच बाहेर आला. खजिन्यावरून भांडण झालं ते एवढंच, आणि तो खजिना प्रकाशकाकडे होता.

तोवर इंग्रज आले होते. हेन्री लिंकन या दूरदर्शन-लेखकाने सुट्टीत द सेदचं पुस्तक वाचलं. १९७२ मध्ये बीबीसीवर माहितीपट झाला आणि १९८२ मध्ये बेजंट आणि ली यांच्यासह ‘द होली ब्लड अँड द होली ग्रेल’ हे जाडजूड पुस्तक आलं. आता सोनं मागे पडलं. मेरी माग्दालिना येशूची पत्नी, त्यांचा वंश फ्रान्समध्ये, आणि पाद्र्याला सापडलं ते याचं दप्तर! मग २००३ मध्ये डॅन ब्राऊन यांची ‘द दा विंची कोड’ आली. तिच्यात रेन-ल-शातो गाव कुठेच नाही. फक्त अगदी सुरुवातीलाच मरणाऱ्या ल्यूव्हरच्या अधिकाऱ्याचं आडनाव सोनिएर आहे. एका आडनावावर गावात वर्षाला लाखाच्या घरात माणसं येऊ लागली. बेजंट आणि ली यांनी कल्पना चोरल्याचा दावा लंडनच्या न्यायालयात गुदरला आणि २००६ मध्ये ते हरले. आपण लिहिलं तो इतिहास आहे, असं म्हणणाऱ्यांनी त्यावर मालकी सांगायची नसते, हे त्यांना फार महागात कळलं.

आता चर्च पाहू. मेरी माग्दालिनाचं हे चर्च अकराव्या शतकातलं आहे. दारावर लॅटिनमध्ये कोरलंय की हे स्थान भयंकर आहे. ते वाचून लोक अंगावर शहारे आणतात. वचन बायबलमधलं, याकोबाच्या स्वप्नानंतरचं, आणि चर्चच्या अर्पणविधीत ते नेहमी वापरतात, भयंकर म्हणजे इथे ‘देवाच्या सान्निध्याने धाक वाटावा असं’. पण शहारे परत घेता येत नाहीत. आत पाऊल टाकताच डावीकडे पवित्र पाण्याचं पात्र खांद्यावर पेलून बसलेला सैतान. डोळे वटारलेले, गुडघा पुढे आलेला. लोक त्याला अस्मोदे म्हणतात, तो खजिन्यांचा राखणदार आहे म्हणे. बिचाऱ्याला स्वतःचं डोकं राखता आलेलं नाही. १९९६ मध्ये कुणीतरी ते कापून नेलं. नवं बसवलं. २०१७ मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीच्या दिवशी, एका बाईने कुऱ्हाडीने त्याच्यावर पुन्हा हल्ला चढवला.

सैतानावर ‘बी एस’ ही अक्षरं आहेत. ही बेरांजे सोनिएरची आद्याक्षरं, की ब्लांक आणि साल्स या जवळच्या दोन नद्यांची? यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. ज्या माणसाने पैसे मोजले त्याने आपली आद्याक्षरं घातली असतील, हा तट तिसरा, आणि त्यात गर्दी कमी. भिंतींवर क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रशिल्पं आहेत. एकात लहान मुलाने चौकड्यांचं कापड गुंडाळलंय, एकात आकाश फारच काळोखं. खाणाखुणा! ही शिल्पं तुलूझच्या जिस्कार या कारखान्यातून आली, त्याच साच्यातली शिल्पं इतर चर्चमध्येही आहेत. मग तिथेही लोकांनी खणायला हवं. जानेवारीच्या मध्यावर ऊन रंगीत काचांतून आत येतं आणि समोरच्या भिंतीवर गोल ठिपके पडतात. हीच ती निळी सफरचंदं! दर वर्षी १७ जानेवारीला ती पाहायला थंडीत माणसं जमतात. शेरिझेने खोट्या हस्तलिखितात लिहिली, आणि सूर्याने ती खरी करून दाखवली. रंगीत काच असलेल्या कुठल्याही चर्चमध्ये हे दिसेल, असं तिथे म्हणून पाहावं. आपल्याकडे, शेजारच्या बाकावर मोठ्याने बोलणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं पाहतात.

मनोऱ्याच्या पोटात काहीतरी पेटीसारखं आहे, असं रडारवर दिसल्यामुळे २००३ मध्ये परवानगी काढून तिथे खणण्यात आलं. दगड निघाला. दफनभूमीत सोनिएरच्या थडग्याभोवती लोक इतके घुटमळू लागले की २००४ मध्ये त्याला तिथून उचलून मनोऱ्याकडच्या बागेत हलवलं आणि वर भक्कम काँक्रीट ओतलं. दुसऱ्यांची थडगी उकरल्याची तक्रार ज्याच्यावर झाली, त्याला उकरायला येणाऱ्यांपासून वाचवायला हा बंदोबस्त. तिकडे आर्क या गावाजवळच्या रस्त्यालगत एक थडगं होतं, पूसँच्या ‘आर्केडियाचे मेंढपाळ’ या चित्रातल्यासारखं दिसणारं. पूसँने ते चित्र सतराव्या शतकात काढलं आणि हे थडगं विसाव्या शतकातलं, हा तपशील कुणाला अडला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना कंटाळून १९८८ मध्ये जमीनमालकाने ते पाडूनच टाकलं. आता लोक ते जिथे नाही ती जागा पाहायला येतात.

शेजार तरी कसा! रेन-ले-बँचा पाद्री आँरी बूदे याने १८८६ मध्ये एक ग्रंथ लिहून सिद्ध केलं की प्राचीन केल्टिक भाषा म्हणजे आजची इंग्रजीच आणि आसपासच्या फ्रेंच गावांची नावं इंग्रजीतून उलगडतात. तेव्हा पुस्तक कुणी विकत घेईना. आता त्यात खजिन्याची किल्ली आहे असं ठरल्यापासून ते पुन्हा पुन्हा छापलं जातं. आणि १,२३० मीटर उंचीच्या शिखराखालचं ब्युगाराश. २१ डिसेंबर २०१२ ला माया पंचांगानुसार जग बुडणार आणि फक्त हा डोंगर वाचणार, अशी आवई उठली होती. गर्दी होईल अशी चिंता मेयरने दोन वर्षं आधी सभेत बोलून दाखवली, ती वर्तमानपत्रात आली आणि तिथून जगभर गेली. म्हणजे गर्दीचं निमंत्रण गर्दीच्या काळजीतूनच गेलं. त्या दिवशी पोलिसांनी शिखराची वाट बंद केली. वाचायला आलेले मूठभर, त्यांना विचारायला आलेले पत्रकार ढिगाने. शेवटी ते एकमेकांनाच विचारू लागले. गावात जगबुडीच्या खास लेबलाची वाइन मिळत होती.

तसा ब्युगाराश हा डोंगर खरोखरच उलटा आहे. पिरेनीज घडत असताना जुने थर सरकून नव्या थरांवर चढले, त्यामुळे वरचा खडक खालच्यापेक्षा वयाने मोठा. त्यासाठी भूगर्भशास्त्राचे लोक तिथे वर्षानुवर्षं येतात, हातोडीने टिचभर तुकडा काढतात, वहीत लिहितात आणि जातात. त्यांना अडवायला कधी पोलीस लागलेले नाहीत.